करंट मातीत जातो

सोमवार, १४ जुलै २०१४

कमळाकरकाकांच्या दुकानात आज एक महिना पूर्ण झाला. महिन्याभरात मी काय शिकले? धरमतरच्या जेट्टीवरच्या टपरीवाल्याला साखर कमी सांगितली की तो हटकून जास्त घालतो, हे शिकले.

दुकान पेणला, एसटी स्टँडच्या मागे. पाटीवर 'टीव्ही-रेडिओ दुरुस्ती' आहे, पण रेडिओ घेऊन येणारं आता कोण उरलंय? खरं काम धरमतरच्या मालवाहू बार्जवरच्या रडारचं. पावसाळ्यात बार्ज जेट्टीला बांधून ठेवतात, तेव्हाच रडारं उघडायची, पुसायची, तपासायची. गणपतीनंतर मालाची ने-आण सुरू झाली की धुक्यात वाट दाखवणारं तेच एक.

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं, वर्गात एकटी मुलगी. स्क्रीन, वायरी, टपावर गोल फिरणारा अँटेना, हे सगळं काका मला करू देतात. पण रडारच्या पेटीचं मागचं झाकण उघडायची वेळ आली की म्हणतात, "मालू, जा, चहा घेऊन ये." त्या झाकणामागे हजारो व्होल्ट असतात. खरं रडार तिथेच आहे. मी परत येईपर्यंत झाकण बंद! महिन्यात नऊ वेळा चहा आणला. मोजलाय मी.

घरी बाबांनी मुदत दिली आहे. "गणपती बसंपर्यंत बघू. तोवर चहाच आणत असशील तर आपल्या घरात काय चूल नाय?" जूनमध्ये रोह्याच्या गोपाळशी माझा साखरपुडा झाला, लग्न मार्गशीर्षात. सासरच्यांनी कबूल केलंय की हातात पक्कं काम असेल तर रोह्याहून गाडीने पेणला येऊ देऊ. चहा आणणं हे काही पक्कं काम नव्हे. म्हणजे गणपतीच्या आत ते झाकण माझ्या हाताने उघडलं पाहिजे.

उघडणारच.

शुक्रवार, १८ जुलै

काका काही समजावून सांगत नाहीत. "बघ आणि कर," एवढंच. तोंडाला कुलूप घातल्यासारखे वागतात.

पेटीत हात घालायचा असला की त्यांचा डावा हात पँटच्या खिशात जातो. मला वाटायचं ही ऐट आहे. आज घरी येऊन पुस्तक काढलं तेव्हा उलगडलं. दोन्ही हात लोखंडाला लागले तर करंट एका हातातून शिरतो आणि दुसऱ्यातून बाहेर पडतो, आणि वाटेत छाती येते. छातीत काळीज. म्हणून एक हात खिशात, पायाखाली रबरी चटई. हे दोन वाक्यांत सांगता आलं नसतं का?

काठीचंही तसंच. लाकडी काठी, टोकाला तांब्याचा आकडा, आकड्याची वायर बार्जच्या लोखंडाला बांधलेली. रडार बंद केलं तरी आतला कंडेन्सर करंट धरून बसतो. आधी काठी लावून तो रिकामा करायचा, मग हात. यावर मात्र काका चक्क एक वाक्य बोलले. "बंद केलं म्हंजे मेलं, असं नाय."

अंगावर धातू नको हाही त्यांचाच नियम. म्हणून मी दुकानाच्या भिंतीवर एक खिळा ठोकला आणि सकाळी साखरपुड्याची अंगठी त्यावर अडकवायला लागले. आज संध्याकाळी घालायची विसरले आणि आईने बघितलं. "साखरपुड्याची अंगठी काढतात का गो? काय अवलक्षणी पोर हाय!" तिला कंडेन्सर समजावून सांगितला. तिने मीठ-मोहऱ्या काढल्या आणि माझी दृष्ट काढली.

गंमत म्हणजे काकांच्या स्वतःच्या मनगटात तांब्याचं कडं आहे, संधिवातासाठी. म्हटलं, "आणि हे?"

"निघत नाय. हाड वाढलंय."

"साबण लावून बघा."

असं बघितलं माझ्याकडे की मी स्वतःहून चहाला गेले.

खिळ्याच्या वर एका माणसाचा फोटो आहे. तिशीचा, हसरा, डाव्या भुवईत खाच. कोण म्हणून विचारलं तर म्हणाले, "खिळा सरळ ठोक."

रविवार, २७ जुलै

शॉक लागलेल्या माणसाचा श्वास थांबला तर काय करायचं हे आयटीआयला एकदा दाखवलं होतं. तीस वेळा छाती दाबायची, दोन वेळा तोंडाने श्वास द्यायचा, पुन्हा तीस. तक्ता माझ्याकडे होताच. आज सुट्टी, म्हणून ओटीवर तांदळाचं पोतं आडवं टाकलं आणि गुडघ्यावर बसून सुरू केलं.

आईला हसू आवरेना. "पोत्याला श्वास कोण देतं गो? उद्या भाताच्या कणगीला सलाईन लाव."

बाबा जेवायला बसले होते. गणपतीचा सीझन, मूर्तींच्या कारखान्यातून तासाभरासाठी आलेले, हाताला शाडूची माती तशीच. त्यांनी विचारलं, "हे काय?" मी सांगितलं. म्हटलं, शॉक लागलेल्याला असं केलं तर वाचू शकतो, फक्त लगेच करायला हवं, तीन-चार मिनिटांत. बाबा ताटावरून उठले. भाकरी अर्धी तशीच. आई म्हणाली, उन्हाचं झालं असेल. ऊन कुठे होतं, बाहेर पाऊस पडत होता.

बाबांचं काकांशी काहीतरी वाकडं आहे हे नक्की. रंग आणायला पेणला आले तर रस्त्याच्या पलीकडे उभे राहतात, दुकानात पाऊल टाकत नाहीत. आणि काका मला स्कूटरवर सोडायला येतात ते फक्त हमरापूर फाट्यापर्यंत. तिथून आमच्या जोह्यापर्यंत दहा मिनिटं नाहीत, पण नाही म्हणजे नाही. मी भिजत चालते. बांधाचं भांडण म्हणावं तर काकांची जोह्याला वीतभर जमीन नाही.

गोपाळचा मेसेज आला, "जेवलीस?" मी एवढं मोठं लिहिलं पोत्याबद्दल. उत्तर, "छान. शिफ्टला चाललो." धाटावच्या केमिकल कंपनीत आहे तो. तिथे शब्दांचं रेशनिंग असावं.

शनिवार, ९ ऑगस्ट

आज भांडले. सतरावा चहा होता.

मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून नेलं होतं, 'काम चालू आहे. बटण लावू नये.' खाली इंजिनाजवळच्या बोर्डावर टांगायला. काका म्हणाले, "पुठ्ठ्याला कोण इचारतो? खलाशी सगळे माझ्या वळखीचे हायत." पाटी दुकानात भिंतीला टेकून ठेवली. मग बार्जवर गेलो आणि झाकणापाशी पोचताच, "मालू, चहा."

मी म्हटलं, "मी मुलगी आहे म्हणून ना? स्पष्ट सांगा. मुलगा असता तर त्याला पाठवलं असतं का?"

काका पेचकस हातात धरून खाडीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता तरी बोलतील. शेवटी म्हणाले, "आलं घालायला सांग."

मला रडू आलं, रागाचं. गणपतीला वीस दिवस राहिलेत. ठरवलं आहे, यापुढे चहाला जायचं नाही. जाते असं दाखवायचं आणि केबिनच्या दाराबाहेर थांबायचं. फटीतून बघून शिकेन. त्यांच्या डोळ्यांदेखत शिकवत नाहीत तर पाठीमागून शिकते.

गुरुवार, २१ ऑगस्ट

काका जिवंत आहेत. बाकी उद्या लिहीन. मनगटं दुखतायत.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

आज सगळं क्रमाने लिहिते.

काल सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही बार्जवर होतो. काका खाली जाऊन बोर्डावरचं रडारचं बटण बंद करून आले. माझी पाटी दुकानातच होती. मग नेहमीचं, "मालू, चहा." मी किटली घेतली, दाराबाहेर गेले आणि दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसले. फटीतून दिसत होतं. काकांनी झाकण काढलं, काठी लावली, कंडेन्सर रिकामा केला. डावा हात खिशात. उजव्या हातात पेचकस. सगळं पुस्तकात असतं तसं.

तेवढ्यात जागा बदलायला सोडलेली दुसरी बार्ज शेजारून गेली आणि आमची हलली. काकांचे गुडघे आधीच अधू, तोल गेला. डावा हात खिशातून निघाला आणि त्यांनी पेटीची लोखंडी चौकट धरली. आणि नेमकं त्याच वेळी खाली काळुरामने, साठीचा खलाशी आहे तो, मोबाइल चार्ज होत नाही म्हणून बोर्डावरची सगळी बटणं एका ओळीत वर केली. हे मला मागून कळलं. मला दिसलं ते एवढंच की काकांच्या उजव्या मनगटातलं कडं आत कुठेतरी टेकलं, फट् असा आवाज झाला आणि काका ताठ झाले. ओरडले नाहीत. चिकटून राहिले.

मी धावले ती त्यांच्याकडेच. हात पुढे केला होता. कसा मागे घेतला ते देवाला ठाऊक. त्या क्षणी हात लावला असता तर आज ही वही कोणी लिहिली नसती. केबिनच्या भिंतीवर अख्ख्या बार्जचा मेन स्विच आहे, तो खाली ओढला. काका पडले नाहीत, पेटीवर ओणवे झाले. स्विच बंद म्हणजे मेलं असं नाही. काठी उचलली, आकडा कंडेन्सरला लावला, पुन्हा लावला. मग लाकडी स्टुलाने त्यांचा हात बाजूला सारला आणि काखेत धरून त्यांना बाहेर डेकवर ओढलं.

श्वास नव्हता. नाडी सापडली नाही, मी शोधत बसले नाही. शर्ट फाडला आणि सुरू केलं. एक, दोन, तीन. तांदळाचं पोतं टणक असतं. माणूस तसा नसतो. कुठेतरी कट् झालं, बरगडी असणार. थांबले नाही.

माणसं गोळा झाली. काळुराम वर आला आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला. "चिखलात घाला! ओहोटी हाय, काठाला चिखल उघडा हाय. मातीत घाला, करंट उतरंल!" दोघा-तिघांनी खरंच काकांचे पाय धरले. उचललेही. मी दाबतेय आणि काका माझ्या हाताखालून सरकतायत!

मी काठी उचलली आणि काळुरामच्या हातावर हाणली. वयाने बापाच्या वरचा माणूस. "पाय सोड! मातीत मेलेल्याला घालतात. हे मेलेले नाहीत. पाय सोड, नाहीतर डोकं फोडीन." इतक्या घाण आवाजात मी आयुष्यात बोलले नव्हते. त्यांनी पाय सोडले.

मग तोंडाचं. हनुवटी वर केली, नाक चिमटीत धरलं, तोंडाला तोंड लावलं. तंबाखूचा वास आला. मागे कोणीतरी म्हणालं, "आयला, पोरगी काय करतीय बघ!" मोबाइल वर झालेले दिसले. दुसरा श्वास दिला, छाती वर आली. पुन्हा एक, दोन, तीन. माझे हात भरून आले तेव्हा काळुरामला खाली बसवलं, त्याचे तळवे जागेवर ठेवले आणि म्हटलं, दाब. मी मोजते. तो रडत होता आणि दाबत होता. चांगलं दाबलं त्याने.

पाचवी फेरी की सहावी, माहीत नाही. काकांच्या घशातून घरघर आली. मग एक खोल श्वास, त्यांचा स्वतःचा. काळुराम घाबरून मागे पडला.

कंपनीच्या जीपमधून पेणला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, चार मिनिटं आणखी गेली असती तर आणायची गरज नव्हती. मनगटाभोवती कड्याच्या आकाराचा काळा चटका आहे. कडं कापून काढावं लागलं.

घरी आले तेव्हा बाबा अंगणात उभे होते. गावात बातमी माझ्या आधी पोचली होती. त्यांनी एकच विचारलं.

"मातीत नाय ना घातला?"

"नाही बाबा. घालू दिलं नाही."

बाबा तिथेच तुळशीच्या कट्ट्यापाशी खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. काका त्यांचे कोणी नाहीत. आईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला आत जायला खुणावलं. मला काही कळलं नाही.

रविवार, २४ ऑगस्ट

आज दवाखान्यात काका बोलले. दोन महिन्यांत बोलले नसतील इतकं.

फोटोतला माणूस पोपट. काकांचा धाकटा भाऊ, दुकान दोघांचं. आठ वर्षांपूर्वी, गणपतीच्या आधी, जोह्याच्या एका मूर्तीच्या कारखान्यात रंगाच्या मशीनचा त्याला शॉक बसला. काका तेव्हा धरमतरला बार्जवर होते. पोचले तेव्हा पोपटला ओल्या शाडूत गळ्यापर्यंत घालून ठेवलं होतं आणि चार माणसं वरून माती चोपत होती. अर्धा तास चोपत होती.

"त्या चौघांत तुझे बाबा व्हते," काका म्हणाले.

मी स्टूल जवळ ओढलं. मग म्हटलं, "म्हणून तुम्ही जोह्याला येत नाही. बाबांचं तोंड बघायचं नाही म्हणून."

"नाय गो. मला माझं दाखवायचं नाय म्हणून." छताकडे तोंड वळवून म्हणाले, "त्याच कारखान्यात महिनाभर आधी अर्थिंग मीच बसवलेलं. ही माणसं इचारायला लागली, खड्डा कशाला, वायर मातीत कशाला? मी मोठा शहाणा. समजावून सांगितलं. म्हटलं, करंट मातीत जातो. माती करंट पिऊन टाकते. बाबाजी पुढंच बसलेला, तुझा बाप. मान डोलावून ऐकलं त्यानं. आणि पोपट पडला तेव्हा माझं सांगणं आठवलं त्याला. त्याला वाटलं, माती पोपटाच्या अंगातला करंट पिऊन टाकंल. पुढचं मी सांगितलंच नव्हतं. की वायर सुटली की माणसाच्या अंगात करंट राहतच नाय. माती पिणार काय? त्याला वारा पायजे व्हता."

म्हणूनच काका कोणाला काही समजावत नाहीत.

"आणि चहा?" मी विचारलं.

"झाकण उघडलं का मला तोच दिसतो. तू लांब असलेली बरी."

सतरा चहा. मी सतरा वेळा त्यांना मनात शिव्या घातल्या होत्या. मला वाईट वाटायला हवं होतं, वाटलंही, पण त्याआधी राग आला. म्हटलं, "आणि मी खरोखर टपरीवर गेले असते तर? तुम्हाला कोणी उचललं असतं? चिखलातच गेला असता तुम्ही पण! एकट्याने काम करायचं नाही हा पहिला नियम आहे, पुस्तकात पहिल्या पानावर आहे. मला वाचवायला निघालात आणि स्वतः…" आवाज चढला असणार, कारण नर्सबाईंनी मला बाहेर काढलं. दाराशी वळून बघितलं तर काका हसत होते, बरगडी धरून.

मंगळवार, २६ ऑगस्ट

व्हायचं ते झालं. कोणीतरी काढलेला व्हिडिओ रोह्यापर्यंत पोचला. व्हिडिओत काठी नाही, मेन स्विच नाही, काळुराम दाबताना नाही. फक्त मी थोडा वेळ छाती दाबते आणि मग काकांच्या तोंडाला तोंड लावते. गोपाळच्या आईचा, सीताबाईंचा, फोन आला. त्या आईला म्हणाल्या की चार माणसांत आम्ही काय सांगायचं, आणि पोरीने आता ते काम सोडावं, मग पुढचं बघू. आईने माझ्याकडे फोन दिला. मी म्हटलं, "माणूस वाचला एवढं सांगा चार माणसांना. काम मी सोडणार नाही." आई मटकन खाली बसली.

मग गोपाळचा फोन. मी तयारीतच होते.

"व्हिडिओ बघितला," तो म्हणाला. "दाब कमी पडत व्हता."

"काय?"

"दोन इंच खाली गेली पायजे छाती. तू दीडवर व्हतीस. आणि कोपर वाकवत व्हतीस."

मी फोन कट केला. हा माणूस आहे की मोजपट्टी? माझं लग्न मोडायला आलंय आणि हा इंच मोजतोय!

त्याने पुन्हा केला. "कट नको करू गो. आमच्या कंपनीत दर सहा महिन्यांनी शिकवतात हे. चार वर्षं पुतळ्यावर करतोय. खऱ्या माणसावर केलेलं पैल्यांदा बघितलं. दहा वेळा बघितला तो व्हिडिओ."

"आणि तुझी आई?"

"तिला म्हटलं, उद्या मला शॉक लागला तर मला वाचवणारी बायको पायजे का लाजणारी? ती गप झाली. तोंड अजून फुगलेलं हाय. मार्गशीर्षापर्यंत उतरंल."

एवढं बोलून म्हणाला, शिफ्टला चाललो. या माणसाचं मला काही समजत नाही. पण कोपर वाकवत होते हे खरं असावं. उजव्या हाताचं दुखतंय.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

गणपती आले आणि गेले. मुदत संपली, पण बाबांनी विषय काढला नाही. मीच म्हटलं, "काय बाबा, चूल रिकामी आहे ना?" तर म्हणाले, "जा, गाडी चुकंल."

काका आज पहिल्यांदा दुकानात आले. सावकाश, काठी टेकत. खिशातून कापलेलं कडं काढलं आणि खिळ्यावर माझ्या अंगठीशेजारी अडकवलं. मी पाटी उचलून पिशवीत टाकली.

बार्जवर काळुरामने स्वतः बटण बंद केलं, पाटी टांगली आणि बोर्डासमोर राखणदारासारखा स्टूल टाकून बसला. केबिनमध्ये मी चटई टाकली. झाकणाचा पहिला स्क्रू फिरवला तेव्हा काकांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, "मी चहा आणतो."

"नाही," मी म्हटलं. "इथेच उभं राहायचं. एकट्याने काम नाही."

राहिले. माझा डावा हात खिशात. पंजाबी ड्रेसला खिसा नसतो, आईकडून शिवून घेतला आहे. काठी लावली, हळूच चट् झालं, पुन्हा लावली. आणि काका बोलायला लागले. हा मॅग्नेट्रॉन, याला मोठा लोहचुंबक असतो, याच्याजवळ लोखंडी पेचकस नेऊ नको. ही वायर सगळ्यात वाईट. हिला नेहमी जिवंतच समजायची. तासभर बोलत होते. मी वही नेली नव्हती याचं वाईट वाटलं. घरी येऊन सगळं उतरवून काढलंय, सहा पानं भरली.

शनिवार, १३ सप्टेंबर

उद्या जोह्यात वर्ग. कल्पना माझी नाही, बाबांची. विसर्जनानंतर कारखाना रिकामा आहे, म्हणाले, माणसं बसतील. सरावाला पुतळा हवा म्हटलं तर गेले तीन दिवस तेच करतायत. रबरी साच्याची छाती, आत स्पंज आणि सायकलची ट्यूब, दाबली की दोन इंच खाली जाते आणि वर येते. मी मोजपट्टीने बघितलं. तोंडातून फुंकलं की छाती फुगते. मान मागे वळते. मूर्तिकार काय उगाच म्हणत नाहीत बाबांना!

चेहऱ्याला मात्र फार वेळ लावला. शाडूचा केलाय. मी म्हटलं, नाक-तोंड असलं की पुरे, दर्शनाला नाही ठेवायचा. ऐकेनात. आणि इतकं करून डाव्या भुवईला खाच पडलीय. म्हटलं, बुजवा. "राहू दे," म्हणाले.

रविवार, १४ सप्टेंबर

काकांना आणायला पेणला गेले. स्कूटर अजून बंद, म्हणून एसटीने. हमरापूर फाट्याला मी सवयीने उठले. काकांनी मला हाताला धरून खाली बसवलं. गाडी पुढे निघाली. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं नाही, जोहे येईपर्यंत चपलांकडे बघत बसले होते.

कारखान्यात चाळीस-एक माणसं होती. काळुराम धरमतरहून आला होता. गोपाळ रोह्याहून आला होता, कंपनीतला तक्ता गुंडाळून. त्याने तो भिंतीला लावला आणि मागे जाऊन उभा राहिला. मला वाटलं होतं, काहीतरी बोलेल. "कोपर सरळ," एवढं म्हणाला.

बाबा दारातच उभे होते. काका आत आले आणि दोघे समोरासमोर थांबले. बाबांनी बाजूला सरून वाट दिली. मग काकांची नजर खाली पुतळ्यावर गेली. ते बघतच राहिले. इतका वेळ बघत राहिले की लोक कुजबुजायला लागले. मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

मी सुरुवात केली. आधी स्विच. स्विच सापडला नाही तर सुक्या लाकडाने बाजूला करायचं, हात लावायचा नाही. मग श्वास बघायचा. म्हटलं, वायर सुटली की माणसाच्या अंगात करंट उरत नाही, त्याला माती नको, चिखल नको, श्वास पाहिजे. हे बोलताना मी मुद्दाम कोणाकडे बघितलं नाही. पहिल्यांदा कोण करणार म्हणून विचारलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पुरुष एकमेकांना ढकलायला लागले.

बाबा पुढे आले. पुतळ्याशेजारी गुडघ्यावर बसले, तळव्यावर तळवा ठेवला, कोपर सरळ. मी दाखवायच्या आधीच. म्हणजे पोत्यावर मी करत होते तेव्हा त्यांनी सगळं बघून ठेवलं होतं. दाबायला लागले आणि मोठ्याने मोजायला लागले. एक. दोन. तीन. आवाज कारखान्याच्या पत्र्यावर घुमत होता.

"तीस झाले बाबा," मी म्हटलं. "थांबा. आता श्वास."

ते थांबले नाहीत. एकतीस, बत्तीस. घाम नाकावरून खाली टपकत होता. डोळे मिटलेले. चाळीस झाले. मी त्यांच्या खांद्याला हात लावणार होते, तेवढ्यात काका काठी टाकून खाली बसले. दुखऱ्या गुडघ्यांवर, बाबांच्या समोर, पुतळ्याच्या डोक्याशी. त्यांनी बाबांच्या हातांवर आपला हात ठेवला. बाबा थांबले.

काकांनी पुतळ्याची हनुवटी वर केली, भुवईवरच्या खाचेवरून एकदा अंगठा फिरवला आणि वाकून श्वास दिला. एक. मग दुसरा. छाती वर आली.

"चल बाबाजी," ते म्हणाले. "परत."

बाबांनी पुन्हा एकपासून सुरू केलं.